पहिले पाणी किती मिनिटांत? कारखान्यातील आपत्कालीन पथकाचे कौशल्याधारित प्रशिक्षण, पायरी-पायरीने

कोकणातल्या एका रासायनिक कारखान्यात मी सुरक्षा विभाग सांभाळत होतो, तेव्हाची गोष्ट. रात्री पावणेतीनला, कुणालाही आधी न सांगता, सॉल्व्हंट यार्डाच्या कोपऱ्यात एक लाल दिवा ठेवला आणि भोंगा वाजवला. तिसऱ्या पाळीत चौदा माणसे होती. चौदाही जणांच्या नावापुढे फाइलमध्ये ‘अग्निशमन प्रशिक्षण पूर्ण’ अशी नोंद होती. दोन दिवसांचा वर्ग, शेवटी ग्रुप फोटो, प्रमाणपत्रे, सगळे रीतसर झाले होते.

यार्डात पहिले पाणी पडायला नऊ मिनिटे लागली. होज उलटी अंथरली गेली होती, मादी कपलिंग (जोडाचे टोक) हायड्रंटकडे आणि नर कपलिंग ब्रँचकडे, म्हणजे पाणी मारायच्या तोटीकडे. बीए सेटच्या, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मास्क असलेल्या श्वसनसंचाच्या, कपाटाची किल्ली गेटवर होती. ज्याने सेट घातला, त्याने सिलिंडरचा व्हॉल्व्ह अर्धवटच उघडला होता आणि त्याची दाढी मास्कच्या रबराखाली आली होती. त्या रात्री सगळ्यांत नीट काम केले ते बॉयलर अटेंडंटने. तो यार्ड धुवायला रोज हायड्रंट उघडायचा. आगीसाठीचे पाणी धुण्याला वापरू नये, हे खरे. पण हात बसला होता तो त्यामुळेच.

चूक माझी होती. कोण वर्गात बसले एवढेच मी मोजले होते, कुणाला काय करता येते ते मोजलेच नव्हते. त्यानंतर बरीच वर्षे घालून जी पद्धत बसवली, ती इथे मांडतो. एमआयडीसीतल्या मध्यम आकाराच्या कारखान्याचे सुरक्षा अधिकारी, फायर ऑफिसर आणि मालक माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

कौशल्य कागदावर कसे दिसते

‘होज हाताळता येते’ हे कौशल्याचे वर्णन नाही. कोण हाताळतो, कशा परिस्थितीत आणि कुठवर जमले की ‘येते’ म्हणायचे, यातले काहीच त्यात नाही. कारखान्यांच्या अग्निशमन पथकांसाठी अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने जे १०८१ क्रमांकाचे मानक केले, त्यातली मांडणी मला सर्वांत उपयोगी वाटली. तिथे प्रत्येक अपेक्षा कामाच्या रूपात लिहिलेली असते: काम कोणते, हातात साधने कोणती, आणि ते नीट झाले हे ओळखायचे कशावरून. मी माझ्या वहीत तीन रकाने आखले: काम, परिस्थिती, निकष. पुढचे सगळे या तीन रकान्यांवर उभे आहे.

पायरी १: तुमच्याकडे काय पेटू शकते, काय गळू शकते

अभ्यासक्रमापासून सुरुवात करू नका, यार्डापासून करा. ऑन-साइट इमर्जन्सी प्लॅनची प्रत हातात घ्या आणि मेंटेनन्सचा फिटर, उत्पादनाचा शिफ्ट इनचार्ज आणि स्टोअरकीपर यांना बरोबर घेऊन कारखाना पायी फिरा. एक दुपार पुरते. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा: इथे वाईटात वाईट काय होऊ शकते आणि पहिल्या दहा मिनिटांत कुणी काय करायला हवे?

अशा फेरीतून साधारण आठ ते बारा प्रसंग निघतात. आमच्याकडे निघालेले काही सांगतो. टोल्युइनच्या टँकरची होज निसटून जमिनीवर पसरलेले सॉल्व्हंट. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या ड्रमांना लागलेली आग. क्लोरीनच्या टोनरच्या, म्हणजे साधारण टनभर मावणाऱ्या मोठ्या सिलिंडरच्या, व्हॉल्व्हमधून गळती. शीतकरण विभागात अमोनियाची गळती. रिॲक्टरमध्ये उतरलेला कंत्राटी कामगार बेशुद्ध. ट्रान्सफॉर्मरची आग. कँटीनमधला एलपीजी सिलिंडर.

ही यादी वरवर एकसारखी दिसते, पण प्रत्येक ओळीला वेगळे हात लागतात. टोल्युइनवर चालणारा साधा फोम अल्कोहोलवर टिकत नाही. अल्कोहोल पाण्यात मिसळते, म्हणून फोमच्या बुडबुड्यांतले पाणी ते ओढून घेते आणि थर विरून जातो. तिथे अल्कोहोलरोधक फोमच लागतो. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड, तो खड्ड्यात, गटारात, तळघरात साचतो. अमोनिया वायू हवेपेक्षा हलका आहे, तरी द्रवरूपात गळला की थंड धुके होऊन आधी जमिनीलगत सरकतो. एलपीजीची ज्वाला, व्हॉल्व्ह बंद करता येत नसेल तर, विझवायची नसते. विझवली तर गॅस गळतच राहतो, खाली साचतो आणि पुढच्या ठिणगीला स्फोट होतो. तिथे काम असते ते आजूबाजूचे थंड करण्याचे.

इथेच एक गोंधळ मिटवून टाका. परदेशी व्हिडिओ दाखवून शिकवणारे बरेच जण ‘सी वर्ग म्हणजे विजेची आग’ असे सांगतात. ते अमेरिकेतले वर्गीकरण आहे. आपल्याकडे भारतीय मानक २१९० नुसार सी वर्ग म्हणजे वायूची आग. अग्निशामकावरचे, म्हणजे आग विझवायच्या लाल सिलिंडरवरचे, अक्षर वाचून माणूस निर्णय घेणार असेल, तर हे सगळ्यांच्या डोक्यात एकसारखे बसलेले हवे.

पायरी २: कुणाकडून किती मागायचे

सगळ्यांना सगळे शिकवायला गेलो की कुणालाच काही येत नाही. अमेरिकेतल्या ओशा या कामगार-सुरक्षा यंत्रणेच्या नियमांत घातक रसायनांच्या आपत्तीसाठी पाच स्तर आहेत: धोका ओळखून कळवणारा, लांबून बचावात्मक काम करणारा, गळतीजवळ जाऊन ती थांबवणारा तंत्रज्ञ, विशेषज्ञ, आणि घटनास्थळाचा प्रमुख. आपल्याकडच्या कारखान्यात मी ते चार गटांत बसवतो.

पहिला गट म्हणजे कारखान्यात पाऊल ठेवणारा प्रत्येक जण, कंत्राटी आणि टँकरचा ड्रायव्हरसुद्धा. त्याने धोका ओळखावा, कळवावा, विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी) पाहून वाऱ्याच्या आडव्या दिशेने असेंब्ली पॉइंट, म्हणजे जमायची ठरलेली जागा, गाठावा. आग अगदी सुरुवातीची असेल तर हातातला अग्निशामक वापरावा. बस.

दुसरा गट, पाळीतले प्रथम प्रतिसाद पथक. हे मुळात ऑपरेटर आणि फिटरच असतात. होज, फोम, बीए सेट, व्हॉल्व्ह बंद करणे, जखमीला बाहेर काढणे, हे यांचे. तिसरा गट पूर्णवेळ अग्निशमन कर्मचाऱ्यांचा. लहान कारखान्यांत तो नसतोच, तिथे त्याची जागा एमआयडीसीचे अग्निशमन केंद्र आणि शेजारी घेतात. चौथा गट इन्सिडेंट कंट्रोलरचा, म्हणजे घटनास्थळी सूत्रे सांभाळणारा, बहुधा शिफ्ट इनचार्ज.

प्रत्येक गटापुढे ‘काय करायचे नाही’ हेही लिहा. माझ्या मते हा रकाना पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. बीए सेटची चाचणी उत्तीर्ण न झालेल्याने टाकीत डोकावायचेसुद्धा नाही. आपल्याकडे टाक्यांत, गटारांत एकामागून एक तिघे-चौघे जातात ते असेच: पहिला कोसळतो, दुसरा त्याला ओढायला उतरतो, तिसरा दोघांना. धाडस त्यांच्यात होते, त्यांना थांबवणारे कुणी नव्हते.

आत न जाण्याचा निर्णय हेही इन्सिडेंट कंट्रोलरचे कौशल्य आहे आणि ते तपासायलाच हवे. १७ एप्रिल २०१३ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात वेस्ट या गावी खताच्या गोदामाला आग लागली आणि थोड्याच वेळात अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. १५ माणसे गेली, त्यांतली १२ मदतीला धावलेली होती.

पायरी ३: निकष लिहा

यात वेळ घालवा. पंधरा-वीस कामे नीट लिहायला मला आणि दोन सहकाऱ्यांना सहा आठवडे लागले होते, आणि ते सत्कारणी लागले. नमुने देतो.

हायड्रंट. काम: दोघांनी मिळून १५ मीटरच्या दोन होज अंथरून ब्रँचमधून पाणी सुरू करणे. परिस्थिती: सॉल्व्हंट यार्डाचा हायड्रंट, ६३ मिलिमीटर होज, रात्रीचा उजेड, अंगात नेहमीचे सुरक्षेचे कपडे. निकष: भोंग्यापासून ठरलेल्या वेळेत पाणी, नर-मादी बाजू बरोबर, होजला पीळ नाही, ब्रँचवरच्याने इशारा दिल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडलेला नाही, व्हॉल्व्ह सावकाश उघडला आहे.

ठरलेली वेळ किती, हे पुस्तकातून उचलू नका. तुमच्या पथकातल्या तीन चांगल्या जोड्यांना त्याच हायड्रंटवर पाच-पाच वेळा करायला लावा, मधली वेळ घ्या आणि तिच्यात चौथाई भर घाला. आमच्याकडे ती ९० सेकंदांवर आली. तुमचे यार्ड मोठे असेल तर दोन मिनिटे येईल. एकदा ठरवल्यावर ती कुणाच्या सोयीसाठी बदलायची नाही.

अग्निशामक. काम: एक चौरस मीटरच्या ट्रेमधली डिझेलची आग सहा किलोच्या ड्राय केमिकल पावडरने विझवणे. निकष: वारा पाठीशी, निघण्याआधी प्रेशर गेज पाहिला, दोन-तीन मीटरवरून ज्वाळेच्या बुडाशी झाडू मारल्यासारखा मारा, आग विझल्यावर पाठ न फिरवता मागे सरकणे. सहा किलोचा सिलिंडर जेमतेम पंधरा-वीस सेकंद चालतो, हे माणसाला एकदा स्वतःच्या हाताने कळले की तो पुन्हा दहा मीटरवरून फवारत नाही.

फोमचे काम लिहिताना गणित त्यातच घाला. पन्नास चौरस मीटरवर टोल्युइन पसरले आहे असे धरा. अशा सांडलेल्या हायड्रोकार्बनवर ॲक्वियस फिल्म फोमसाठी एका चौरस मीटरला मिनिटाला ४.१ लिटर द्रावण, आणि ते १५ मिनिटे, असा प्रमाण हिशेब आहे. म्हणजे मिनिटाला २०५ लिटर. मिनिटाला २२५ लिटर टाकणारी एक ब्रँच पुरते. द्रावणात तीन टक्के मूळ फोम मिसळायचा असेल तर ती मिनिटाला पावणेसात लिटर फोम पिते. म्हणजे २० लिटरचा एक कॅन तीन मिनिटांत संपतो! पंधरा मिनिटांसाठी शंभर लिटर, म्हणजे सहा कॅन हवेत आणि ते आणून लावायला एक वेगळा माणूस हवा. बऱ्याच कारखान्यांत ब्रँचशेजारी दोन कॅन ठेवलेले असतात आणि स्टोअर रात्री कुलूपबंद. अल्कोहोलसारख्या सॉल्व्हंटला यापेक्षा जास्त मारा लागतो. तो आकडा फोमच्या उत्पादकाच्या माहितीपत्रकातून घ्या. निकष असा लिहा: ‘गळतीचे क्षेत्रफळ सांगितल्यावर किती कॅन लागतील हे दोन मिनिटांत बरोबर सांगतो आणि फोमचा मारा मध्ये खंडित होऊ देत नाही.’

क्लोरीन टोनर. रिकामा, धुतलेला टोनर सरावासाठी राखून ठेवा. काम: जोडीने, बीए सेटसह, वारा पाठीशी ठेवून जवळ जाऊन अमोनियात भिजवलेल्या बोळ्याने गळती शोधणे, टोनर फिरवून गळतीची जागा वर आणणे, आपत्कालीन किटमधली टोपी बसवणे. वर आणायची कारण मग द्रवाऐवजी वायू बाहेर येतो, आणि द्रव क्लोरीनचा वायू होताना त्याचे आकारमान साडेचारशे पटींहून अधिक होते. गळतीच्या जागी थेट पाणी मारले तर ती चाचणी तिथेच अनुत्तीर्ण. पाण्याशी मिळून क्लोरीनचे आम्ल होते, ते धातू खाते आणि भोक मोठे होते.

पायरी ४: शिकवा, पण पायऱ्या गाळू नका

बीए सेटचे उदाहरण घेऊन सांगतो, कारण सर्वांत जास्त माणसे अडकतात ती इथे.

पहिल्या दिवशी सेट टेबलावर. प्रत्येक भाग हाताळायचा, नाव सांगायचे. दुसऱ्या वेळी तपासणी: सिलिंडरमध्ये दाब पुरेसा आहे का (३०० बारच्या सिलिंडरला मी २७० च्या खाली चालवत नाही), व्हॉल्व्ह बंद करून काटा एका मिनिटात दहा बारहून जास्त उतरतो का, हवा संपत आल्याची शिट्टी साधारण ५५ बारला वाजते का. तिसऱ्या वेळी घालणे, घाई न करता. चौथ्यांदा घड्याळ लावून. पाचव्यांदा मास्कच्या काचेवर कागद चिकटवून, म्हणजे काही दिसणार नाही असे, मोकळ्या गोदामात होज धरून चालणे. सहाव्यांदा जिना, आणि मग पन्नास किलोची वाळूची गोणी ओढत बाहेर आणणे.

कुणी तिसऱ्या पायरीवर घाबरला तर त्याला तिथेच थांबवा. तोंड झाकल्यावर जीव गुदमरणे हा कमकुवतपणा नाही, तो शरीराचा स्वभाव आहे. काहींना दोन सरावांत सवय होते, काहींना कधीच होत नाही. माझ्या पथकातला एक उत्तम फिटर बीए सेट घालूच शकला नाही. आम्ही त्याला पंप हाऊस दिले आणि तिथे त्याच्यासारखा माणूस पुन्हा मिळाला नाही.

दाढीचा प्रश्न टाळू नका. मास्कची कड जिथे त्वचेला टेकते तिथे केस असतील तर मास्क गळतो, मग मास्क कितीही महाग असो. श्रद्धेपोटी दाढी ठेवणाऱ्या सहकाऱ्याशी आदराने, एकांतात बोला आणि त्याला बीए सेट न लागणारी जबाबदारी द्या. चष्मा वापरणाऱ्यासाठी मास्कच्या आत बसणारी काचेची चौकट मिळते, ती मागवा.

हवेचा हिशेब प्रत्येकाला स्वतःचा यायला हवा. ६.८ लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरला की ढोबळमानाने २,०४० लिटर हवा. शेवटचे ५० बार राखीव ठेवले तर हाताशी १,७०० लिटर. मिनिटाला ४० लिटरच्या हिशेबाने हे ४२ मिनिटे पुरते, आणि तोच आकडा सगळे पाठ करतात. पण आमच्या एका ऑपरेटरने जिन्यावर गोणी ओढताना दहा मिनिटांत १२० बार संपवले. म्हणजे ८१६ लिटर, मिनिटाला ८० हून जास्त. त्याच्यासाठी तोच सिलिंडर जेमतेम वीस मिनिटांचा. प्रत्येकाचा असा आकडा सरावात मोजा आणि त्याच्या ओळखपत्रामागे लिहून ठेवा. आत गेलेल्यांची पाटी सांभाळणाऱ्याला वेळ याच आकड्यावरून काढायची असते, आणि जोडीतल्या जास्त हवा लागणाऱ्यावरून परत फिरायचे असते.

भाषेबद्दल एक गोष्ट. आपल्या कारखान्यांत मराठीइतकीच हिंदी, ओडिया, भोजपुरी बोलणारी माणसे आहेत. पीपीटी वाचून दाखवणे त्यांच्यासाठी निरुपयोगी आहे. ज्याला ते काम नीट येते असा त्यांच्यातलाच कामगार शिकवायला उभा करा. इशारे मात्र सगळ्या कारखान्यात एकच ठेवा: ‘पाणी सोड’, ‘बंद’, ‘मागे’. भोंग्याच्या आवाजात लांब वाक्ये ऐकू येत नाहीत.

पायरी ५: कसोटी

ज्याने शिकवले त्याने परीक्षा घेऊ नये. शिकवणाऱ्याला आपला माणूस पास झालेला पाहायचा असतो, मीही त्याला अपवाद नव्हतो. दुसऱ्या विभागाचा प्रशिक्षित सहकारी, शेजारच्या कारखान्याचा फायर ऑफिसर, किंवा विनंती केली तर एमआयडीसीच्या केंद्रावरचे अधिकारी येतात. शेजाऱ्यांशी अदलाबदल ही मला सर्वांत बिनखर्चाची आणि प्रामाणिक पद्धत वाटते.

तपासणीचा कागद एका पानाचा असावा. त्यात दोन प्रकारच्या ओळी. साध्या ओळी, ज्यांत एखादी चूक झाली तर सांगून पुन्हा करून घेता येते. आणि घातक ओळी, ज्यांत एकही चूक म्हणजे चाचणी तिथेच संपली: वारा जिकडे वाहतो त्या बाजूने जवळ जाणे, मास्कची हवाबंदी न तपासता आत शिरणे, जोडीदाराला सोडून पुढे जाणे, वीज तोडल्याची खात्री न करता पाणी मारणे. शंभरपैकी गुण देऊ नका. ९२ गुण मिळवणाऱ्याने उरलेल्या आठांत जोडीदाराला सोडले असेल, तर त्या ९२ चा उपयोग काय?

काम झाल्यावर तीन प्रश्न तोंडी विचारा, आणि तिन्ही ‘का’ आणि ‘असे झाले असते तर’ याच जातीचे. ‘टोनर का फिरवलास?’ ‘वारा मध्येच फिरला असता तर?’ ‘जोडीदाराची शिट्टी वाजली असती तर?’ हात बरोबर चालले पण कारण सांगता आले नाही, तर तो माणूस सरावातल्यासारखीच आग लागली तरच उपयोगी पडेल. लेखी परीक्षा मी बंद केली. अक्षर सुंदर असणारे पास व्हायचे आणि आमचा बॉयलर अटेंडंट नापास.

जो उत्तीर्ण झाला नाही त्याला ‘अजून नाही’ असे लिहा आणि पुढची तारीख त्याच दिवशी द्या. त्याची वेतनवाढ, बढती याला जोडू नका. जोडलेत की लोक एकमेकांना सांभाळून घेऊ लागतात आणि तुमचे कागद पुन्हा खोटे होतात.

पायरी ६: पथक म्हणून उभे राहते का

सुटी कौशल्ये असलेले सहा जण म्हणजे पथक झाले असे नाही. ते तपासायची जागा मॉक ड्रिल. १९८९ च्या घातक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात यासंबंधीच्या नियमांनुसार, ऑन-साइट योजना लागू असलेल्या कारखान्याने तिची मॉक ड्रिल दर सहा महिन्यांनी घ्यायची असते. ती सकाळी अकरा वाजता, आठवडाभर आधी सूचना लावून, पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडून घेतली जाते. तशी एक घ्या, हवी असेल तर. पण वर्षातून निदान दोन रात्रपाळीत घ्या, आणि एक तरी पाळी बदलण्याच्या वेळेला. तेव्हा हजेरी धड या पाळीची नसते, धड त्या पाळीची.

ड्रिलमध्ये मधेच अडथळे टाका. एक माणूस हेडकाउंटमध्ये कमी करा, त्याला कँटीनमागे बसवून ठेवा आणि तो नाही हे कळायला किती वेळ लागतो ते पाहा. मुख्य पंप सुरू झाला नाही असे जाहीर करा. डिझेल पंप कोण सुरू करतो? शिफ्ट इनचार्जला ‘तुम्ही जखमी’ म्हणून बाजूला बसवा. आमच्याकडे असे पहिल्यांदा केले तेव्हा चार मिनिटे कुणीच सूत्रे हाती घेतली नाहीत. नंतर आम्ही प्रत्येक पाळीत क्रमाने तीन नावे फलकावर लिहिली.

महाराष्ट्रातल्या अनेक औद्योगिक वसाहतींत शेजारी कारखाने एकमेकांना मदत करण्यासाठी म्युच्युअल एड रिस्पॉन्स ग्रुप, म्हणजेच ‘मार्ग’, चालवतात. तुम्ही त्यात असाल तर वर्षातून एकदा शेजाऱ्याच्या पथकाला तुमच्या हायड्रंटवर काम करायला लावा. कपलिंग जुळते का, वायरलेसवर बोलणे होते का, त्यांच्या माणसाला तुमचे यार्ड कळते का, हे त्या एका तासात उघडे पडते.

पायरी ७: कौशल्य शिळे होते

होज महिन्यातून एकदा, बीए सेट तीन महिन्यांतून एकदा, फोम आणि टोनर सहा महिन्यांतून एकदा, इन्सिडेंट कंट्रोलरसाठी महिन्यातून अर्धा तास टेबलावर नकाशा मांडून एक प्रसंग. हे माझे अनुभवातून आलेले अंतर आहे. तुमच्या चाचण्यांत लोक लवकर विसरताना दिसले तर ते कमी करा. सराव दहा-पंधरा मिनिटांचाच ठेवा आणि पाळीच्या सुरुवातीला घ्या. दोन दिवस सलग वर्ग घेण्यापेक्षा महिनाभर विखुरलेली ही दहा मिनिटे जास्त टिकतात.

नोंदीसाठी महागडे सॉफ्टवेअर नको. शिफ्ट ऑफिसच्या भिंतीवर एक तक्ता: उभी नावे, आडवी कामे, चौकटीत उत्तीर्ण झाल्याची तारीख. मुदत टळली की तारीख खोडायची. पाळी लावताना इनचार्जने तो तक्ता पाहायचा. रात्रपाळीत बीए सेटवाले चार नसतील तर त्या रात्री टाकीत उतरण्याचा परवाना द्यायचा नाही, ड्रम भरण्याची कितीही घाई असो. तक्त्यामुळे एक तरी परवाना थांबला, तर तो कामाचा आहे असे समजा.

छोट्या कारखान्याने काय करावे

पन्नास माणसांच्या युनिटला हे सगळे झेपत नाही, हे मी मान्य करतो. तुम्ही पहिला गट पक्का करा आणि दुसऱ्या गटातली तीनच कामे घ्या: अग्निशामक, हायड्रंट, व्हॉल्व्ह बंद करणे. बीए सेट घेऊन आत जाण्याचे काम तुमच्या माणसांकडे देऊ नका. तीन-चार शेजारी मिळून एक प्रशिक्षक आणि सरावाचे सेट वाटून घ्या. ज्याला प्रशिक्षक करायचे आहे त्याला मात्र बाहेर नीट शिकू द्या. नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून त्या शहरात आहे, मुंबईत कालिन्याला राज्याचे अग्निशमन प्रशिक्षण केंद्र आहे, आणि शीवला केंद्रीय कामगार संस्था. परतल्यावर त्याचीही चाचणी घ्या, इतरांसारखीच.

आणि गेटवरचा माणूस

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर आग लागली. पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटके होती. जवान तास-दीड तास पाणी मारत राहिले आणि चारच्या सुमारास जहाज फुटले. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर तो दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. आग विझवायला येणाऱ्याला आत काय भरले आहे, हे सगळ्यात आधी कळायला हवे. तुमच्या कारखान्यात एमआयडीसीच्या बंबाला पहिला भेटणारा माणूस सुरक्षारक्षक असतो, आणि तो बहुतेक वेळा एजन्सीचा, महिनाभरापूर्वी आलेला असतो.

म्हणून त्याच्यासाठीही तीन रकाने भरा. काम: येणाऱ्या बंबाला आत घेणे आणि माहिती देणे. परिस्थिती: रात्र, भोंगा चालू, बाहेर पडणाऱ्या कामगारांची गर्दी, गेटसमोर उभे दोन टँकर. निकष: टँकर हलवून रस्ता मोकळा; गेट पूर्ण उघडे; वारा कुठून कुठे वाहतो हे बोट दाखवून सांगतो; लाल खोक्यातला कागद बंबाच्या प्रमुखाच्या हातात देतो. त्या कागदावर एवढेच असते: कुठल्या जागी काय आणि किती साठवले आहे, काय पाण्याने विझवायचे नाही, हायड्रंट आणि टाकीतले पाणी कुठे, आत अजून किती माणसे, आणि इन्सिडेंट कंट्रोलरचे नाव व तो उभा आहे ती जागा. साठ्याचे आकडे रोज संध्याकाळी स्टोअरकीपर बदलतो.

आमच्याकडे ही चाचणी सुरू केली तेव्हा पहिल्या रक्षकाने मला, बंबाचा प्रमुख म्हणून आलेल्याला, आधी रजिस्टरमध्ये सही करायला सांगितली. तो चुकला नव्हता. त्याला तेवढेच शिकवले होते. आठवड्याने पुन्हा घेतली, तेव्हा मी गाडीतून उतरायच्या आत कागद माझ्या हातात होता आणि तो सांगत होता, “साहेब, वारा नदीकडून येतोय, मागच्या गेटने आत घ्या.”